सरळ धाग्यावरच्या पेशी: पावसाळ्यातल्या नोंदी

९ जून

जुनी वही संपली, ही नवी. पहिल्या पानावर पीएचडीच्या कामाचा हेतू लिहायचा हा माझ्या गाईड मॅडमचा नियम, म्हणून लिहिते.

पॉलिमरचं द्रावण सुईतून जबर व्होल्टेजनं ओढायचं, निघालेले तंतू फिरत्या ड्रमवर गोळा करायचे आणि एकाच द्रावणापासून दोन तऱ्हेच्या मॅट, म्हणजे तंतूंच्या पातळ चटया, करायच्या. एकीतले तंतू विंचरल्यासारखे एका दिशेनं, दुसरीतले कसेही पडलेले. तंतूची जाडी ५०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या साधारण दीडशेव्या भागाएवढी. दोन्हींवर नाळेतल्या मूळपेशी (ज्यांच्यापासून पुढं हाड, चरबी अशा वेगवेगळ्या पेशी बनू शकतात) सोडायच्या, दोन्हींना खाणंपिणं एकच द्यायचं आणि १४ दिवसांनी बघायचं, की सरळ तंतूंवरच्या पेशी कंडरेच्या वाटेला लागतात का. वाढीचं कुठलंही औषध घालायचं नाही. फक्त मांडणी बदलायची.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. तालमीत तिला शीरच म्हणतात. तिच्या आत कोलॅजेनचे ५० ते ५०० नॅनोमीटर जाडीचे तंतू एकमेकांना समांतर असतात. तुटली तर शरीर ती सांधतं, पण घाईनं भिंत लिंपावी तसं. नवे तंतू वेडेवाकडे पडतात आणि ती जागा पहिल्यासारखा ताण घेत नाही. चुलतभावाची टाचेवरची शीर गेल्या वर्षी आखाड्यात तुटली. टाके घातले, चालतो फिरतो, पण मातीत उतरत नाही. प्रस्तावात हे लिहिता येत नाही, इथं लिहिलं.

११ जून

सकाळी साडेदहाला प्रसूतिगृहातून नाळ आली. संमतीपत्र आणि समितीच्या मंजुरीचा क्रमांक डब्याबरोबर. थर्माकोलच्या डब्यात बर्फ, त्यात बाटली, बाटलीत प्रतिजैविक घातलेलं द्रावण आणि त्यात तो पांढुरका, पीळ पडलेला वीतभर तुकडा. आजी अजून विचारते, 'तुझी नाळ कुठं पुरलीय ठाऊक हाय का?' परसातल्या शेवग्याखाली. ही नाळ पेट्री डिशमध्ये.

धुऊन उभी चिरली. दोन रोहिण्या आणि एक नीला चिमट्यानं ओढून काढल्या. उरतो तो जेलीसारखा गर, व्हार्टन्स जेली. त्याचे २-३ मिलिमीटरचे तुकडे करून प्लेटला चिकटवले. इथं घाई केली की तुकडे तरंगतात आणि सगळं फुकट. दहा मिनिटं तसेच सुकू दिले, मग कडेकडेनं थेंब थेंब मीडिया, म्हणजे पेशींचं खाणं असलेलं द्रावण, सोडला. आता आठवडाभर हात लावायचा नाही.

१३ जून

तंतू गोळा करायच्या ड्रमसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात. तयार ड्रम कलेक्टरचं कोटेशन बघून मॅडम हसल्या होत्या, म्हणून आपणच करायचं ठरलं. ॲल्युमिनिअमचा पोकळ ड्रम, व्यास १० सेंटिमीटर, लांबी १५.

मामांच्या कारखान्यात तीन लेथ. पंपाचे शाफ्ट, बुश असली कामं. चित्र दाखवलं तर म्हणाले, 'हे फिरवणार किती?' मी म्हटलं, २५००. त्यांनी कागद खाली ठेवला. 'मग चित्रात लिवलंयसा त्ये चालायचं न्हाई. ह्यो शाफ्ट वाकतोय. बारा एमएमचा कशाला, वीसचा घ्या.'

२५०० फेरे म्हणजे ड्रमचा पृष्ठभाग सेकंदाला १३ मीटर धावतो, ताशी ४७ किलोमीटर. सुईतून निघालेला तंतू त्या वेगानं ओढला जातो आणि सरळ पडतो. वेग कमी पडला तर तंतू वेटोळी घेतात, फार झाला तर तुटतात. ड्रम डगमगला तर सुई आणि ड्रममधलं अंतर प्रत्येक फेऱ्याला बदलणार आणि मॅटवर पट्टे दिसणार. मामांना हे सांगितल्यावर त्यांनी चकात ड्रम धरला, डायल गेज लावला आणि हातानं सावकाश फिरवला. काटा सात घरं हलला. 'बघा, डोळ्याला कळंल का?' परत कट मारला. चार घरं. परत. दोन. तिसऱ्यांदा त्यांनी टूलच बदललं, वाटाण्याएवढा कट घेण्याऐवजी नुसती धूळ उडेल इतकंच घासलं आणि काटा हललाच नाही म्हणावा इतका हलला. चहा थंड झाला होता.

पैसे घेताना विचारलं, 'नक्की काय गुंडाळणार ह्याच्यावर?' धागा, म्हटलं. 'मग इचलकरंजीला जायचं की.'

१७ जून

मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह जळला. चूक माझी. सुईला १८ किलोव्होल्ट, ड्रम जमिनीला जोडलेला, पण ड्रमचा शाफ्ट लोखंडी कपलिंगनं थेट मोटरला. अर्थिंगचा कार्बन ब्रश नीट टेकला नव्हता, तेव्हा विजेनं आपली वाट शोधली. एक बारीक 'टक्' आणि जळक्या वार्निशचा वास. नशीब, हात लांब होता.

नायलॉनचं कपलिंग उद्या करून देतो म्हणालेत मामा. नवा ड्राइव्ह चार दिवसांत.

२१ जून

एक नाही, दोन आनंद.

नाळेच्या तुकड्यांच्या कडेनं पेशी बाहेर आल्या. जत्रेतून माणसं घराकडं सुटावीत तशा, तुकड्यालगत दाटी आणि पुढं विरळ. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या.

दुपारी ड्रम चालला. पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे पॉलिमर ७० भाग, जिलेटिन ३० भाग, दोन्ही मिळून १० टक्के, ट्रायफ्लुरोइथेनॉलमध्ये, वर असेटिक आम्लाचे मोजके थेंब. ते थेंब नाही घातले तर द्रावण तासाभरात दुधासारखं होतं आणि दोन पॉलिमर वेगळे पडतात. सुईच्या टोकाशी थेंब फुगला, व्होल्टेज वाढवत गेले आणि एका क्षणी तो थेंब टोकदार झाला. ह्या शंकूचं गणित टेलरनं १९६४ मध्ये मांडलं, यंत्राची कल्पना त्याहून बरीच जुनी. फॉर्महाल्सचं पेटंट १९३४ चं. शंकूच्या टोकातून जे निघतं ते दिसत नाही. मागं काळा कागद धरून तिरप्या उजेडात बघितलं तर धुक्याची शेपटी दिसते. वीस मिनिटांत ड्रमवरच्या फॉइलला चांदीसारखी झाक आली. फॉइल फिरवलं की झाक एकाच दिशेनं चमकते, पैठणीच्या काठासारखी. तेव्हाच कळलं, सरळ पडलेत.

एसी चालू, ह्युमिडिटी ४६ टक्के.

२४ जून

ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, दोन मॅट गेल्या. ज्युनिअरनं टाकल्या, पण डब्यावर लेबल मी लावलं नव्हतं. ऑटोक्लेव्ह १२१ अंशाला चालतो, पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० अंशाला वितळतं. डब्याच्या तळाशी मेणबत्ती संपल्यावर राहतं तसलं काहीतरी. पोरगा दिवसभर बोलला नाही. लेबल लावलं. इथून पुढं अल्कोहोल आणि दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा तास यूव्ही.

२७ जून

एसईएमचे, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे, फोटो आले. सरळ मॅटमधले शंभर तंतू मोजले: सरासरी ४८० नॅनोमीटर, बहुतेक सगळे १० अंशांच्या आत. चाचणीला म्हणून ड्रम हळू फिरवून केलेली वेडीवाकडी मॅटही छान आली.

जिलेटिन मात्र ३७ अंशाच्या मीडियात विरघळून जाणार, ते पक्कं करायला हवं. म्हणून बंद डब्यात ग्लुटराल्डिहाइडची वाफ, रात्रभर. मग ग्लायसिनच्या पाण्यात धुवायचं, नाहीतर उरलेलं ग्लुटराल्डिहाइड पेशींना मारतं. आम्ही ह्याला क्रॉसलिंकिंग म्हणतो. कोल्हापुरात हे काम फार जुनं आहे: चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात तेव्हा हेच होतं. कातड्यातलं कोलॅजेन टॅनिननं एकमेकांत बांधलं जातं, मग ते कुजत नाही की पाण्यात फुगत नाही. जिलेटिन म्हणजे उकळून पीळ सोडवलेलं कोलॅजेनच. आमची चप्पल फक्त अर्ध्या मायक्रॉनच्या दोऱ्याची.

आमच्या मॅटवरही पिवळसर छटा आली. कमावल्याची खूण.

८ जुलै

मॅट कापायला पंच हवा होता, १४ मिलिमीटरचा. चोवीस खणांच्या प्लेटमध्ये बरोबर बसेल असा. सर्जिकल दुकानात मिळाला नाही. चपलेच्या सामानाच्या दुकानात मिळाला, तोही धार लावून.

पहिल्या दहा चकत्या कापल्या आणि डोक्यात प्रकाश पडला, की गोल चकतीला दिशा नसते. खणात पडली की फिरते. तंतू कुठल्या दिशेला हे मग सूक्ष्मदर्शकाशिवाय कळायचं नाही. आता कापण्याआधी फॉइलवर तंतूंच्या दिशेनं पेन्सिलची रेघ आणि कापल्यावर त्या टोकाला कात्रीची बारीक खाच. चकत्या तरंगू नयेत म्हणून वर स्टीलच्या रिंगा. त्याही मामांकडूनच, ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या पाइपातून कापलेल्या.

११ जुलै

पेशींची ओळखपरेड झाली. मूळपेशींच्या अंगावर असायला हव्यात त्या खुणा, सीडी७३, सीडी९०, सीडी१०५, आहेत. नसायला हव्यात त्या सीडी३४, सीडी४५ नाहीत. २००६ मध्ये ठरलेल्या निकषांना धरून. तिसऱ्या पॅसेजच्या, म्हणजे तीनदा नव्या प्लेटमध्ये हलवून वाढवलेल्या पेशींच्या, बारा कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या. सगळ्या एकाच नाळेच्या.

१८ जुलै

दिवसभर संततधार. एसी दुरुस्तीला काढलाय. वेड्यावाकड्या मॅट कमी पडत होत्या, म्हणून आजच करून घेतल्या, सोमवारी पेशी टाकायच्या आहेत. सुईच्या टोकाशी द्रावण दोनदा साकळलं, पुसून परत सुरू केलं. ह्युमिडिटी ८१.

२१ जुलै

पेशी टाकल्या. चौरस सेंटिमीटरला १० हजार. आठ चकत्या सरळ, आठ वेड्यावाकड्या, चार नुसत्या प्लेटवर.

२३ जुलै

ॲक्टिनला, म्हणजे पेशीच्या आतल्या दोऱ्यांना, लाल, केंद्रकाला निळा रंग दिला. सरळ मॅटवरच्या पेशी बघून मॅडमना केबिनमधून बोलावून आणलं. शेतात उसाच्या सऱ्या दिसाव्यात तशा रांगा. केंद्रकंसुद्धा लांबट झालेली, सगळी एका दिशेला तोंड करून. वेड्यावाकड्यांवरच्या पेशी चांदणीसारख्या चहूकडं पाय पसरून बसलेल्या.

२६ जुलै

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं चाललंय. ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ बघितलेला माणूस हे आकडे नाडीसारखे मोजतो. आमची इमारत उंचावर आहे, पाण्याची भीती नाही. भीती विजेची आणि रस्त्याची. डिझेलचे दोन कॅन भरून ठेवले. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर मागवला तर गाडी येईल की नाही सांगता येत नाही म्हणाले, तेव्हा स्पेअर सिलिंडरचा दाब तपासला. पुरेल.

दुसरं संकट आतच होतं. इन्क्युबेटरच्या दारातल्या रबरावर काळी ठिपक्यांची बुरशी. पावसाळ्यात कपाटातले चामड्याचे पट्टे पांढरे होतात, तर ह्या उबदार ओलसर पेटीचं काय होणार! चकत्या शेजारच्या लॅबच्या इन्क्युबेटरमध्ये हलवल्या, आमचा रिकामा करून धुतला, ७० टक्के अल्कोहोल, पाण्याच्या ट्रेमध्ये मोरचूद. द्राक्षबागवाल्यांचं औषध आमच्याही कामाला येतं. प्लेट वाचल्या.

२९ जुलै

चुलतभाऊ लॅब बघायला आला. तालमीच्या पोरांना इथं पंचवीस जिने चढल्यासारखं वाटतं, आवाजच बसतो. रांगेतल्या पेशींचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाला, 'ताई, पण तिला कळतं कसं? डोळा न्हाई, कान न्हाई.'

सेमिनारमध्ये कुणी इतका सरळ प्रश्न विचारत नाही. त्याला सांगितलं ते इथं टिपून ठेवते, प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाला उपयोगी पडेल.

पेशी चाचपडते. तिच्या अंगावर इंटिग्रिन नावाचे आकडे असतात, एकेक जेमतेम १० नॅनोमीटर रुंद. ते खालच्या पृष्ठभागाला धरतात. एकटा आकडा काही करत नाही. बरेच एकत्र जमले की पकड पक्की होते. आकड्याला धरायच्या जागा एकमेकींपासून ७० नॅनोमीटरपेक्षा लांब गेल्या तर ती पकड नीट जमत नाही, म्हणून मामला नॅनोमीटरचा. पकड बसली की पेशी आतून ॲक्टिनच्या दोऱ्या ताणते. त्या दोऱ्या थेट केंद्रकापर्यंत जातात. खालचं ओढायला कठीण असलं तर दोऱ्या ताठ, मऊ असलं तर ढिल्या, आणि त्या ताणावर ठरतं आत कुठली जनुकं उघडायची.

'म्हंजे जोर लावून बघती,' तो म्हणाला. 'समोरचा किती वजनाचा हाय ते हात धरल्यावरच कळतंय.'

ह्याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. २००४ मध्ये मॅकबेथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मूळपेशीला १० हजार चौरस मायक्रॉनच्या बेटावर ऐसपैस पसरू दिलं तर ती हाडाच्या वाटेला जाते आणि हजारभर चौरस मायक्रॉनच्या बेटावर आखडून बसवली तर चरबीच्या. २००६ मध्ये एंगलर, डिशर वगैरेंनी नुसता मऊ-कठीणपणा बदलला: मेंदूइतक्या मऊ जेलवर, म्हणजे १ किलोपास्कलच्या आत, चेतापेशीसारखी रूपं, १० च्या आसपास स्नायूसारखी, ३० च्या आसपास हाडासारखी. आणि माझा आवडता प्रयोग २००७ चा, डॅल्बींचा. प्लॅस्टिकवर १२० नॅनोमीटर व्यासाचे, १०० खोल खड्डे, ३०० च्या अंतरावर. अगदी चौकटीत पाडलेल्या खड्ड्यांवर काही विशेष होत नाही, पूर्ण विस्कटलेल्यांवरही नाही. चौकट ठेवून प्रत्येक खड्डा ५० नॅनोमीटरपर्यंत इकडंतिकडं सरकवला, की पेशी औषधाशिवाय हाडाचं खनिज बनवायला लागतात. इतक्या बारीक सरकासरकीची पेशी दखल घेते.

जाताना त्यानं विचारलं, हे माझ्या टाचेत कधी? खरं सांगितलं: तुझ्या टाचेत नाही. कदाचित कुणाच्याच नाही. अजून उंदरापर्यंतही पोचलेलो नाही. त्यानं मान डोलावली आणि बाहेर जाऊन मिसळ खाऊ म्हणाला.

४ ऑगस्ट

१४ दिवस पूर्ण. पेशींतला आरएनए काढला, कुठली जनुकं किती चालू आहेत ते त्यावरून कळतं. पेशी फोडणाऱ्या ट्रायझॉलमध्ये क्लोरोफॉर्म घातला की मॅटही विरघळते आणि मधल्या थराला चिकट साय येते. त्या सायीला टोक लागू न देता वरचं पाणी उचलायचं. तीन तीन चकत्या एकत्र केल्या, नाहीतर आरएनए पुरत नाही.

५ ऑगस्ट

स्क्लेरॅक्सिस, म्हणजे कंडरेच्या वाटेवरचं पहिलं जनुक, सरळ मॅटवर सहापट. वेड्यावाकड्यांवर उलट रनएक्स२ हे हाडाच्या वाटेवरचं जनुक वाढलेलं, म्हणजे हाडाचा कल. २०१० मध्ये कंडरेच्याच मूळपेशींवर झालेल्या कामाशी अगदी जुळतं. संध्याकाळी लॅबमध्ये कंदी पेढे.

७ ऑगस्ट

मॅडमनी आलेख बघितले. पेढाही घेतला. मग विचारलं, 'वेड्यावाकड्या मॅटचा हा एसईएम कुठल्या बॅचचा?'

जूनमधला.

'आणि पेशी कुठल्या बॅचवर?'

१८ जुलैच्या.

त्या पुढं काही बोलल्या नाहीत. बोलायला हवं होतं, बरं वाटलं असतं. मी उरलेली एक चकती घेऊन गेले, सोन्याचा मुलामा दिला आणि बघितलं. तंतू ९०० नॅनोमीटरच्या वर, काही ठिकाणी दीड मायक्रॉन. जिथं दोन तंतू एकमेकांवरून जातात तिथं चिकटून एक झालेले, मध्ये मध्ये मणी. १८ जुलैचं पान उघडलं. ह्युमिडिटी ८१, माझ्याच अक्षरात, दोनदा साकळल्याचंही लिहिलेलं. लिहिलं आणि वाचलं नाही. ओल्या हवेत तंतू पुरता ताणला जाण्याआधीच थिजतो आणि जाड राहतो, हे मी स्वतः एमएस्सीच्या पोरांना शिकवते.

म्हणजे मी पेशीला एका दमात दोन गोष्टी सांगितल्या. मांडणीही बदलली आणि जाडीही दुप्पट केली. चिकटलेल्या सांध्यांमुळं जाळी ताठ झाली असणार, ती तिसरी. आणि तिनं दिलेलं उत्तर मी एकट्या मांडणीच्या खात्यावर जमा केलं. सहापट ही कशाची सहापट आहे, मला माहीत नाही.

रात्री घरी सांगितलं नाही. आईनं विचारलं, पेढे उरले का.

८ ऑगस्ट

उरले होते.

१२ ऑगस्ट

मॅडमनी सांगितलेलं: आधी हवा ताब्यात घे. ॲक्रिलिकची पेटी करून घेतली, आत ड्रम आणि सुई. एका बाजूनं डीह्युमिडिफायरची नळी, तळाशी सिलिका जेलचे ट्रे. निळे दाणे तीन तासांत गुलाबी होतात, ओव्हनमध्ये भाजून परत निळे करायचे. ही आता ज्युनिअरची ड्यूटी, आणि तो इमानेइतबारे करतो. बाहेर ८८ असताना आत ४४ पर्यंत येतंय. अडचण एकच. बंद पेटीत द्रावकाची वाफ साचते. दर वीस मिनिटांनी थांबून पंखा लावावा लागतो आणि थांबलं की सुई साकळते.

दुसरी अडचण आज दिसली, आणि ही पावसाची नाही. एकाच दिवशी, एकाच द्रावणातून, ह्युमिडिटी ४४ वर दोन्ही मॅट केल्या. ड्रम २५०० ला: ४७० नॅनोमीटर. ड्रम २०० ला: ६९०. म्हणजे कोरड्या हवेतही जाडी सारखी येत नाहीच. वेगानं फिरणारा ड्रम तंतू सरळ करताना ओढून बारीकही करतो. सूतगिरणीतल्या कुठल्याही माणसाला हे विचारलं असतं तर त्यानं चहा घेता घेता सांगितलं असतं.

मागं जाऊन जून बघितला. चाचणीची वेडीवाकडी मॅट 'छान आली' असं लिहिलंय. जाडी मोजलेली नाही.

१९ ऑगस्ट

वेड्यावाकड्यांसाठी द्रावण पातळ करतेय. ८ टक्क्यांना मणी. ९ ला अजून जाड. ८.७ ला ५०० च्या जवळ, मणी नाहीत.

२५ ऑगस्ट

जमलं. सरळ ४७५, वेडीवाकडी ४९०, शंभर शंभर तंतू मोजून. तीन वेगवेगळ्या दिवसांच्या बॅच, प्रत्येक बॅचचा एसईएम, त्याच बॅचच्या चकत्या. लेबलवर तारीख, ह्युमिडिटी, वेग, टक्केवारी. ज्युनिअर म्हणाला, ताई, औषधाच्या बाटलीवरसुद्धा एवढं लिहीत नाहीत.

२७ ऑगस्ट

गणपती. सुट्टी. नायट्रोजनची पातळी बघायला दुपारी येऊन गेले.

२ सप्टेंबर

कुप्या काढल्या. तीच नाळ, तोच पॅसेज. पेशी टाकल्या. ह्या वेळी कुठल्या डब्यात कुठली चकती हे ज्युनिअरलाच माहीत. मला नुसते आकडे.

१७ सप्टेंबर

आकडे उघडले. स्क्लेरॅक्सिस सरळ मॅटवर २.४ पट. तिन्ही बॅचमध्ये एकाच बाजूला झुकलेलं. टेनोमोड्युलिन, जे जनुक कंडरेच्या वाटेवर पुढं दिसायला हवं, त्यात ठाम काही नाही. एक बॅच वर, दोन जिथल्या तिथं. रनएक्स२ मधला फरक जवळपास गेला.

त्या हाडाच्या कलाबद्दल मी ऑगस्टमध्ये अर्धं पान लिहून ठेवलं होतं. तो जाडीमुळं होता असं म्हणायलाही माझ्याकडं पुरावा नाही. जाडी जुळवली आणि फरक गेला, इतकंच म्हणता येतं. जाड तंतूंचा वेगळा गट मुद्दाम करून बघायला हवा, दोन्ही मांडण्यांत. म्हणजे चार प्रकारच्या मॅट. कुप्या पाच उरल्यात.

मॅडम म्हणाल्या, '२.४ मला जास्त आवडलं.' पेढे आणले नाहीत.

२३ सप्टेंबर

मॅट ताणून बघितल्या. कागदाच्या चौकटीत पट्टी चिकटवायची, यंत्राच्या जबड्यात धरायची, मग चौकटीच्या दोन्ही बाजू कात्रीनं कापायच्या, म्हणजे सगळा ताण पट्टीवर. सरळ मॅट तंतूंच्या दिशेनं वेड्यावाकडीपेक्षा कितीतरी ताठ. आडवी ओढली तर ओल्या कागदासारखी उलगडते. साहजिकच. पण मग पेशीला नेमकं काय जाणवतं, दिशा की त्या दिशेचा ताठपणा? हे दोन वेगळे करायला ह्या ड्रमवर मला वाट दिसत नाही. प्रबंधात तसंच लिहावं लागेल. एक परीक्षक नक्की विचारणार, तेव्हा उत्तर तयार ठेवण्यापेक्षा प्रश्नच आपण आधी मांडलेला बरा.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. सकाळी लॅबमधली यंत्रं पुसली. ड्रमच्या शाफ्टला हळदकुंकू मी लावलं, ड्रमला लावू दिलं नाही. मॅटवर हळदीचा कण दिसला तर फ्लुरोसेन्समध्ये हिरवा चमकत बसेल. पेटीतल्या ह्युमिडिटीच्या मीटरला ज्युनिअरनं झेंडूचं फूल चिकटवलंय. मामांचा फोन आला, त्यांच्याकडं पूजेला बोलावलंय. जाताना दुसऱ्या ड्रमचं चित्र घेऊन जाते. ह्या वेळी शाफ्ट वीसचा लिहिलाय.

मीटर ४३ दाखवतोय, फुलासकट.